ब्रेक कोणाकडे

बाईंची रेतीची पट्टी गुरुवारपासून सापडत नव्हती.

चोराने न्यावी अशी ती वस्तू नव्हती. अर्धा किलो रेती भरलेली, निळ्या कापडाची, घोट्याला गुंडाळून चिकटवायची पट्टी. ती बांधून पाय सरळ वर उचलायचा, दहा आकडे मोजायचे, खाली ठेवायचा. असं दिवसातून तीन वेळा. बाईंनी पलंगाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं, शेजारच्यांच्या मांजरावर संशय घेतला आणि मांजराचा आकार पाहून मागेही घेतला. शेवटी रविवारी सकाळी त्यांनी यजमानांना विचारलं.

"पट्टी होय?" यजमान वर्तमानपत्रातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक पेन्सिलीने सुधारत होते. छापखान्यात प्रुफं तपासून निवृत्त झालेला माणूस, त्यांचं वर्तमानपत्र वाचून होत नसे, तपासून होत असे. "ती जावईबापूंनी नेली."

"आणि तीन दिवस मी घर उलटंपालटं करतेय ते दिसत नव्हतं?"

"दिसत होतं. काय शोधतेयस ते कुठे सांगितलंस?"

"पण दिलीत कशाला?"

"जावयाने मागितली, नाही म्हणू? लोक जावयाला काय काय देतात. मी अर्धा किलो रेती दिली."

बाईंना सगळ्या वस्तीत 'ब्रेकबाई' म्हणत. सव्वीस वर्षं त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटच्या पायाशीही एक ब्रेक असतो, तो बाईंचा. तो दाबून दाबून त्यांचा उजवा गुडघा झिजला होता. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो उजेडात धरून विचारलं होतं, "तुम्ही पळायला जाता का?"

"नाही," बाई म्हणाल्या होत्या. "लोकांना थांबवते."

पहिल्या दिवशी, किल्ली फिरवण्याच्याही आधी, बाई प्रत्येक शिकाऊला एकच प्रश्न विचारत. "ब्रेक कोणाकडे?"

शिकाऊ स्वतःच्या पायाशी बघे, मग बाईंच्या पायाशी बघे आणि प्रामाणिकपणे म्हणे, "दोघांकडे."

"चूक. माझा आहे हे विसर. शेजारी ब्रेक आहे हे ज्याच्या डोक्यात राहतं, त्याचा स्वतःचा पाय गाडीत पाहुण्यासारखा बसतो. बोल, ब्रेक कोणाकडे?"

"माझ्याकडे."

"हां. आता किल्ली फिरव."

हा शब्द शिकाऊच्या पायात उतरला की नाही, हे तपासायला परीक्षेच्या आदल्या दिवशी मांडीचा धडा असे. त्या दिवशी बाई शेजारच्या सीटवर चक्क मांडी घालून बसत. दोन्ही पाय वर, ब्रेक खाली एकटा. "आज मी नाही," एवढंच म्हणत. महिनाभर झकास चालवणाऱ्या मंडळींना त्या दिवशी पहिल्यांदा घाम फुटे. पण गेले चार महिने बाईंचा गुडघा दुमडत नव्हता. मांडी नाही, तर धडा नाही. धडा नाही म्हणून लागोपाठ दोन जण परीक्षेत आपटले होते. बाईंना पट्टी हवी होती ती चालण्यासाठी नव्हे. चालता येत होतं. त्यांना मांडी परत हवी होती.

म्हणून त्या तडक जिना उतरून खाली गाड्यांपाशी गेल्या. मुलगी आणि जावई याच इमारतीत दोन मजले वर राहत. त्यांची नवी पांढरी गाडी कोपऱ्यात उभी होती. बाईंनी काचेला नाक लावून आत पाहिलं.

पट्टी स्टिअरिंगच्या चाकाला गुंडाळलेली होती. घड्याळात तीन वाजतात तिथे, घट्ट, नीटनेटकी. डॉक्टरांनी गाडीलाच व्यायाम सांगितला असावा तशी.

"आई, तुम्ही इथे?" मागून जावई फडकं घेऊन आले. गाडी पुसणं ही त्यांची रविवारची नेमाची गोष्ट होती. गाद्यांच्या कंपनीत ते विक्री अधिकारी होते. लोकांना झोप विकायची, हा त्यांचा धंदा. माणूस गोड. आठ वर्षांत सासू-जावयात एकदाही आवाज चढला नव्हता, कारण दोघंही एकमेकांना 'तुम्ही' म्हणत, आणि 'तुम्ही'ला आवाज चढवताना दम लागतो.

"माझी पट्टी," बाई म्हणाल्या.

"अं... त्याची एक गंमत आहे."

"सांगा. रविवार आहे, गमतीला वेळ आहे."

जावयांनी गाडी उघडली आणि प्रेमाने समजावलं. ही गाडी महामार्गावर रस्त्यावरच्या रेघा बघून स्वतः वळते. पुढच्या गाडीपासून अंतर राखते. वेळ आली तर स्वतः ब्रेक मारते. फक्त एक खोड आहे. चाकावरचा हात काढला की अर्ध्या मिनिटात टुणटुण करते, 'हात ठेवा, हात ठेवा'. पण चाकाला एका बाजूने थोडं वजन लावलं, की तिला वाटतं हात आहे. आधी ते पाण्याची बाटली अडकवत, पण ती सारखी घसरे.

"म्हणजे गाडीला फसवलंत."

"फसवलं नाही हो, समजूत काढली."

"आणि तुमचे हात तेवढा वेळ काय करतात?"

"मेल. कंपनीत पोचेपर्यंत सगळे मेल उरकलेले असतात."

बाईंनी शेजारच्या सीटकडे पाहिलं. ती पार मागे रेललेली होती. तिच्यावर मानेखाली घ्यायची उशी होती आणि डोळ्यांवर बांधायची काळी पट्टी. मुलगी रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. सातपासून नमुने यायला सुरुवात होते, म्हणून दोघं सकाळी सहाच्या आत निघत. महामार्गावरून एक तास दहा मिनिटं. तो सगळा रस्ता मुलगी त्या सीटवर झोपत असे, हे बाईंना ठाऊक होतं. 'जावई जपून नेतात हो,' असं त्यांनीच चार ठिकाणी सांगितलंही होतं. तिला कोण नेत होतं, ते आज कळलं. अर्धा किलो रेती.

बाई सगळे मजले चढून, गुडघ्याची पर्वा न करता, मुलीपुढे उभ्या राहिल्या.

"तुला ठाऊक आहे?"

"काय, पट्टी? हो." मुलगी केस विंचरत होती. "आई, प्लीज. त्याच्या गाडीत परीक्षक होऊन बसू नकोस. तुला तर रिक्षात बसलीस तरी पायाने ब्रेक दाबायची सवय आहे."

"तू माझ्या हाताखाली शिकलीस ना गं?"

"शिकले. म्हणून तर सांगतेय. आठ महिने झाले, गाडी एकदाही चुकली नाहीये. तुझा एक विद्यार्थी दाखव, आठ महिने न चुकता चालवणारा. एक."

सव्वीस वर्षांत त्यांच्याकडे आठ मिनिटं न चुकणारा विद्यार्थीही आला नव्हता. त्या गप्प खाली आल्या. पण बाई गप्प बसल्या म्हणजे विषय संपला असं समजणाऱ्यांनी आजवर पुष्कळ खांबांवर गाडी ठोकली होती.

सोमवारी त्यांनी जावयाकडून गाडीचं माहितीपुस्तक मागून घेतलं. ते अजून प्लास्टिकच्या वेष्टनातच होतं. तीनशे चौदा पानं. तीन संध्याकाळ बाई ते वाचत बसल्या, आणि यजमान शेजारी बसून तपासत बसले.

"छपाईच्या एकोणीस चुका आहेत," यजमानांनी निकाल दिला. "आणि 'चालकाने सदैव' हे दोन शब्द एकेचाळीस वेळा. चालकाने सदैव लक्ष ठेवावे. चालकाने सदैव हात ठेवावा. सूर्य समोर असता, रेघा पुसट असता, रस्ता दुरुस्तीत असता, चालकाने सदैव."

"आणि 'निवांत' किती वेळा?"

"एकदाही नाही." त्यांनी गाडीची चकचकीत जाहिरात उघडून समोर ठेवली. "इथे बघ. इथे 'निवांत' सात वेळा आणि 'सदैव' नावालाही नाही. दोन्हीकडे मजकूर लिहिणारा माणूस एकच असेल, तर त्याला लवकर डॉक्टरला दाखवायला हवं."

बाईंनी ती एकेचाळीस ठिकाणं पेन्सिलीने अधोरेखित करून पुस्तक जावयाला परत दिलं. जावयांनी ते आदराने घेतलं आणि जिथून काढलं होतं त्याच खणात ठेवलं.

"कायद्यासाठी लिहावं लागतं हो कंपनीला, आई. गादीवरसुद्धा आम्ही लिहितो, 'आगीपासून दूर ठेवा'. आगीत कोण झोपतं?"

"बरं," बाई म्हणाल्या. "मग शनिवारी साडेचारला गाडी घेऊन माझ्या मैदानावर या. इतर शिकाऊंची घेते तशी तिची परीक्षा घेते. पास झाली, तर आणखी एक पट्टी विकत आणून देते. दोन्ही हात झाले म्हणून खूश होईल."

"आणि नापास झाली तर?"

"तर माझी पट्टी मला, आणि तुमचे हात चाकाला."

"कबूल!" जावई हसले. आठ महिने न चुकलेला विद्यार्थी घेऊन परीक्षेला जाणाऱ्या पालकाचं ते हसू होतं.

बाईंनी रीतसर प्रवेशाचा अर्जही भरला. वय: आठ महिने. दृष्टी: एकच डोळा, आरशामागे, चष्मा नाही. पूर्वानुभव: भरपूर, असे पालक म्हणतात. स्वभाव: आज्ञाधारक. या शेवटच्या शब्दाखाली त्यांनी रेघ मारली, कारण सव्वीस वर्षांत त्यांना आज्ञाधारक शिकाऊंचीच जास्त भीती वाटत आली होती. उनाड पोरगा तुमचं ऐकत नाही, पण निदान स्वतःच्या डोळ्यांनी बघतो.

बाईंचं मैदान म्हणजे एका बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्याचं आवार. लांबलचक, डांबरी, दोन्ही बाजूंना भिंत. सरळ गाडी चालवण्याच्या सरावासाठी त्यावर दोन समांतर पांढऱ्या रेघा होत्या. पूर्वी या रेघा तिरक्या जात, कारण कारखान्याचं जुनं फाटक कोपऱ्यात होतं. तीन वर्षांपूर्वी ते फाटक विटांनी बुजवलं. बाईंनी विटांपुढे टायरांचा कमरेइतका ढीग रचला, नव्या सरळ रेघा मारल्या आणि जुन्या तिरक्या रेघांवर काळा रंग फासून टाकला. काम स्वस्तात आणि सुबक झालं.

पण काळा रंग गुळगुळीत होता आणि डांबर खडबडीत. दुपारी साडेचारला ऊन समोरून तिरपं आलं की तो काळा रंग आरशासारखा चमके, आणि नव्या पांढऱ्या रेघा उलट्या त्या चकाकीत विरून जात. पुसलेल्या रेघा जाग्या होत, असलेल्या झोपी जात. साडेचारच्या तुकडीतला प्रत्येक शिकाऊ पहिल्या दिवशी एकदा टायरांकडे वळे. बाई म्हणत, "रेघ बघू नकोस, रस्ता बघ. रस्ता कुठे चाललाय?" शिकाऊ मान वर करी, समोर टायर बघे, दचके आणि ब्रेक मारी. तो दचका हाच त्या दिवसाचा धडा. हा रंग खरवडून काढायचं बाईंनी दोनदा ठरवलं होतं आणि दोनदा ठेवून दिला होता.

शनिवारी त्यांनी आधी सोप्या परीक्षा घेतल्या, कारण अन्याय नको. खोक्यांचा एक माणूस करून त्याला यजमानांचा जुना कोट घातला आणि रेघांच्या मधोमध उभा केला. गाडी आली, तिने माणूस पाहिला आणि हातभर अंतरावर अशी मऊ थांबली की कोटाची बाहीसुद्धा हलली नाही. मग बाईंनी माणूस बाजूने ओढत आडवा नेला. गाडी परत थांबली. बाईंनी स्वतः ब्रेक मारला असता, तर याहून अर्धा क्षण उशीर झाला असता.

त्यांनी वहीत दहापैकी दहा लिहिले. आवडलं नाही, पण मार्क ते मार्क.

"बघितलंत?" जावई खिडकीतून ओरडले. "दुसरी पट्टी आणून ठेवा, आई!"

"आता शेवटची," बाई म्हणाल्या. "सरळ चालवणं. तीसचा वेग. मी शेजारी बसते. तुम्ही रोज बसता तसंच बसायचं. मेलबिल, जे काय असेल ते. आणि एक सांगते, जावईबापू. तिला जमेल तोवर तिला करू द्या. जमलं नाही, तर तुम्ही."

"अर्थात."

बाई मुलीच्या सीटवर बसल्या. सीट मागे रेललेली होती. ती सरळ करायचं बटण सापडेना, म्हणून त्या तशाच अर्धवट आडव्या राहिल्या. उशी मांडीवर घेतली. खरं म्हणजे त्यांना पाय वर घ्यायचे होते, 'आज मी नाही' म्हणायचं होतं. उजवा पाय त्यांनी थोडा उचलूनही पाहिला, पण गुडघ्यातून कळ आली. तीन दिवस पट्टीविना, मग पुढचा आठवडाही पट्टीविना. मांडी झाली नाही. दोन्ही पाय खालच्या चटईवर, नेहमीच्या जागी राहिले.

गाडी निघाली. जावयांनी तीसचा वेग लावला, चाक सोडलं, फोन हातात घेतला. निळी पट्टी चाकावर इमानदारीत लटकत होती. ऊन समोरून आलं. बाईंनी नेहमीचा हिशेब मनात केला. जिथे जुनी रेघ फुटते, तिथून टायरांपर्यंत साठ मीटर. तीसच्या वेगाला सात सेकंद. शिकाऊ तिसऱ्या सेकंदाला दचकतो. झोपेतला माणूससुद्धा चौथ्याला दचकेल. भरपूर वेळ होता.

रेघ फुटली. गाडी क्षणभरही घुटमळली नाही. शाळेतल्या पहिल्या नंबरच्या मुलीसारखी ती हलकेच, सुंदर वळली आणि तीन वर्षांपूर्वी पुसलेल्या रेघांमधून बुजवलेल्या फाटकाकडे निघाली.

एक. जावई मेल वाचत होते.

दोन.

तीन. वळण जाणवलं. त्यांनी मान वर केली. समोर पाहिलं. टायर पाहिले. मग त्यांनी बाईंकडे पाहिलं, बाईंच्या पायांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा शांत झाला.

चार.

"दाबा," बाई म्हणाल्या.

पाच. जावई शांतच. काहीतरी होण्याची वाट बघत असलेला, सभ्य, शांत चेहरा.

"अरे दाब की! दाब ब्रेक, गाढवा!"

आठ वर्षांचं 'तुम्ही' त्या एका श्वासात गेलं. उन्हाने दिपलेल्या गाडीने शेवटच्या क्षणी स्वतःहून किंचाळी फोडली, ब्रेक थोडा लागला, आणि ती टायरांच्या ढिगात घुसली. धप्प असा मोठा, रबरी आवाज झाला. वरचा एक टायर सावकाश घरंगळत बॉनेटवर येऊन बसला. सीटचे पट्टे गच्च आवळले. दोघांनाही काही झालं नाही. बाईंच्या मांडीवरची मुलीची उशी मात्र उडून काचेवर आपटली होती आणि आता पायाशी पडली होती.

समोरच्या पडद्यावर एक लहानसं हिरवं चिन्ह अजून दिसत होतं. हात चाकावर आहे.

"मला वाटलं..." जावई म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही दाबाल."

"कशाने?"

जावयांनी परत बाईंच्या पायाशी पाहिलं. तिथे चटई होती. चटईखाली पत्रा. ब्रेक नव्हता. कधीच नव्हता. ती त्यांची स्वतःची गाडी होती, आठ महिने दर रविवारी ती चटई ते काढून झटकत होते.

"तुमचे पाय तिथे होते ना..." ते म्हणाले. "तुम्ही ब्रेकबाई."

बाईंनाही आत्ता कुठे दिसलं होतं. त्यांचा उजवा पाय चटईवर सगळ्या ताकदीने रोवलेला होता. गुडघा ठणकत होता. चटई तिथे चुरगळली होती. सात सेकंदांपैकी किती सेकंद त्या रिकामा पत्रा दाबत होत्या, हे त्यांना सांगता आलं नसतं. तोंडाने 'तुम्ही दाबा' म्हणत होत्या आणि पायाने खात्री बाळगून होत्या की दाबला आहे.

"मी पण दाबला," त्या हळूच म्हणाल्या.

एका गाडीत तीन जण होते, गाडी धरून. तिघांचीही खात्री होती की ब्रेक दुसऱ्याकडे आहे.

मग बाईंना हसू आलं, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण पाठीला त्या सीटचा कल जाणवत होता. अशीच, याच कलात, डोळ्यांवर काळी पट्टी बांधून रोज एक तास दहा मिनिटं.

"आता ऐक," त्या म्हणाल्या, आणि 'तू' झालेलं परत 'तुम्ही' करायची त्यांनी तसदी घेतली नाही. "तुझी गाडी वाईट नाही. खोक्याच्या माणसाला ती माझ्यापेक्षा आधी थांबली, मी मार्क दिलेत. पण ही गाडी घेतल्यापासून तू ड्रायव्हर राहिला नाहीस. तू मास्तर झालास. माझं काम करतोस. शेजारी बसायचं, दुसरा चालवतोय ते बघायचं, आणि तो चुकेल त्या क्षणाला पाय मारायचा. ते काम चालवण्यापेक्षा अवघड आहे रे. मी सव्वीस वर्षं करतेय, तरी माझा तास पन्नास मिनिटांचा असतो. एक्कावन्नाव्या मिनिटाला मला माझाच भरवसा नसतो. मी उतरते, चहा पिते. आणि मला तर शिकाऊ जागं ठेवतात. दर दोन मिनिटांनी चुकतात बिचारे. तुझी शिष्या आठ महिने चुकली नाही. अशा शिष्येपुढे कुठला मास्तर जागा राहील?"

जावयांनी चाकावरची पट्टी सोडायला घेतली. चिकटपट्टी घट्ट बसली होती, निघेना. बाईंनी मदत केली नाही. शेवटी ती चर्र आवाज करून निघाली, तेव्हा त्यांनी ती दोन्ही हातांनी बाईंपुढे धरली.

पडद्यावरचं हिरवं चिन्ह विझलं. टुणटुण सुरू झाली. हात ठेवा, हात ठेवा.

"बघ," बाई म्हणाल्या. "पोर खरं बोलत होती. तूच तिचं तोंड दाबून ठेवलं होतंस."

मुलीला गाडीचा फुटलेला पुढचा भाग दाखवावाच लागला. तिने त्यावरून एकदा हात फिरवला. मग आईला म्हणाली, "तू मुद्दाम नेलंस त्याला तिथे."

"नेलं. तो सात सेकंदांत ब्रेक मारेल असं वाटलं होतं. ती माझी चूक, ती माझ्या वहीत लिहिलीये. पण तुझ्या रस्त्यावर दुरुस्ती चालू असते, तिथे किती ठिकाणी जुन्या रेघांवर काळा रंग फासलाय, ते कोणाच्या वहीत आहे?"

मुलीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने जमिनीकडे पाहिलं.

गाडी दुरुस्तीला गेली, तो आठवडाभर दोघं बसने गेले. त्या आठवड्यात रोज संध्याकाळी बाईंनी जावयाला शिकवणीच्या गाडीत आपल्या सीटवर बसवलं, त्या स्वतः मागे बसल्या. चालवायला एक शिंपीणकाकू होत्या. त्या पासष्टाव्या वर्षी शिकत होत्या आणि वळताना डोळे मिटून घेत. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत जावयांचा शर्ट पाठीला चिकटला. दुसऱ्या दिवशी त्यांना पायात गोळा आला. शुक्रवारी पन्नास मिनिटं पूर्ण करून ते उतरले, भिंतीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "आई, हे काम तुम्ही सव्वीस वर्षं करताय? मला तर गादीवर झोपवलं तरी आज पाय हवेत ब्रेक मारेल."

"मारू दे. मुलीला म्हणावं, सांभाळून झोप."

गाडी दुरुस्त होऊन आली. यंत्रणा काढलेली नव्हती, बाईंनी तसं म्हटलंही नव्हतं. खोक्याच्या माणसाला वाचवणारा डोळा असलेला बरा. बदल एवढाच झाला की सकाळी निघताना मुलगी सीट मागे रेलायच्या आधी विचारी, "ब्रेक कोणाकडे?" आणि उत्तर ऐकल्याशिवाय डोळ्यांवर पट्टी बांधत नसे. पहिल्या दिवशी जावयांनी त्यावर विनोद करायचा प्रयत्न केला. ती उतरून बसस्टॉपकडे चालू लागली. दुसऱ्या दिवसापासून विनोद बंद झाले.

महिन्याभराने एका रविवारी जावई गाडी पुसून वर चहाला आले. बाई पलंगावर बसून घोट्याला निळी पट्टी बांधून पाय उचलत होत्या. सात, आठ, नऊ. गुडघा आता जवळजवळ दुमडत होता. जरासा राहिला होता.

"कसं चाललंय?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही हात चाकावर. सगळा वेळ. टुणटुण एकदाही वाजत नाही." जावई थोडे घुटमळले. आठ वर्षांच्या सवयीने त्यांना तक्रार करणं जड जात होतं. "पण खरं सांगू का, आई? फार कंटाळा येतो हो. गाडीच सगळं करते, आणि मी नुसता बघत बसतो. एक तास दहा मिनिटं. भयंकर कंटाळा."

दहा. बाईंनी पाय खाली ठेवला.

"येऊ दे," त्या म्हणाल्या. "कंटाळा येतोय म्हणजे तू जागा आहेस."